दोन कॅनॉल

(दहावी 1996 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय दिला होता, ‘आयटी क्षेत्र आणि परदेशातील जीवन’. वेळ पंधरा मिनिटं. मी हो म्हटलं आणि नंतर विचारात पडले. आयटीबद्दल तुमची मुलंच तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. आणि परदेशातलं जीवन म्हणाल, तर तिथेही सकाळी डबे भरायचे असतात आणि रविवारी कपडे धुवायचे असतात. म्हणून सरांची परवानगी घेऊन मी विषय थोडा बदलते. मी तुम्हाला एका बोटीच्या सहलीबद्दल सांगणार आहे. ती ॲमस्टरडॅमच्या कालव्यांमधली आहे, पण शेवटी आपल्या कॅनॉलवरच येऊन थांबते.

आम्ही ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलवेनमध्ये राहतो. घरात मी, माझा नवरा, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मागच्या उन्हाळ्यात आई तीन महिने आमच्याकडे आली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिच्या हातची शेंगदाण्याची पोळी खाल्ली आहे. ती आज इथे मागच्या रांगेत बसली आहे.

मुलांनी हट्ट धरला की आजीला बोटीतून शहर दाखवायचं. तिथे सहा माणसांची, विजेवर चालणारी छोटी बोट तासावर भाड्याने मिळते आणि लायसन्स लागत नाही. डावीकडे दांडा ढकलला की बोट उजवीकडे वळते, उजवीकडे ढकलला की डावीकडे. नियम साधे आहेत : उजव्या बाजूने चालायचं, मोठ्या बोटींना वाट द्यायची आणि ताशी सहा किलोमीटरच्या वर जायचं नाही. सहा किलोमीटर म्हणजे आपण शाळेला उशीर झाल्यावर चालायचो तो वेग.

आई नको म्हणाली. मी तर मनातून दहा वेळा नको म्हणत होते. का ते पुढे सांगते. पण मुलांपुढे आमचं दोघींचं चाललं नाही. आई नऊवारीवर लाल लाइफ जॅकेट घालून बोटीच्या अगदी मधोमध बसली. मुलगी दांडा धरून मागे बसली, आणि आम्ही निघालो.

आता भूगोलाच्या बाईंसाठी थोडी माहिती. त्यांनी आम्हाला नकाशा वाचायला शिकवला म्हणून ही माहिती त्यांना द्यायला मला विशेष आनंद होतो.

ॲमस्टेल नावाच्या नदीवर बांध घातला, म्हणून गावाचं नाव ॲमस्टरडॅम. डॅम म्हणजे धरण, आपलाच शब्द झाला म्हणा. सिंगेल हा जुन्या शहराभोवतीचा खंदक. त्याच्या बाहेर 1613 पासून तीन मोठे कालवे खणले गेले. हेरेनग्राख्त म्हणजे शहरातल्या बड्या मंडळींचा, कायझर्सग्राख्त सम्राटाचा आणि प्रिन्सेनग्राख्त राजपुत्राचा. वरून पाहिलं तर अर्धवर्तुळं एकात एक बसवल्यासारखी दिसतात. जमीन दलदलीची होती. कालवा खणायचा, निघालेल्या मातीने आणि वाळूने शेजारची जमीन उंच करायची, त्यावर घरं बांधायची आणि त्याच कालव्यातून माल थेट घराच्या दारात आणायचा. 2010 साली हा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत गेला.

घरं अरुंद आणि उंच आहेत. जिने इतके चिंचोळे की कपाट वर जाणार नाही. म्हणून बऱ्याच घरांच्या माथ्यावर एक तुळई बाहेर काढलेली असते आणि तिला आकडा असतो. दोर टाकून सामान बाहेरून वर ओढतात आणि खिडकीतून आत घेतात. सामान भिंतीला घासू नये म्हणून कितीतरी घरं पुढे कललेली बांधली आहेत. आईने विचारलं, “पडत नाहीत व्हय गं?” मी म्हटलं, “चारशे वर्षं नाही पडली.”

पण या घरांखाली पक्का दगड नाही. लाकडाचे खांब चिखलातून खाली वाळूच्या थरापर्यंत ठोकले आणि त्यावर शहर उभं केलं. तिथल्या राजवाड्याखाली, म्हणजे पूर्वीच्या नगरभवनाखाली, 13,659 खांब आहेत. हा आकडा तिथल्या शाळेतली मुलं कशी लक्षात ठेवतात माहीत आहे? वर्षाचे दिवस 365, पुढे 1 आणि मागे 9. गणिताचे सर आपल्याला असंच शिकवायचे, मला तेव्हा त्यांची फार आठवण आली. लाकूड पूर्ण पाण्याखाली असेल तर त्याला हवा मिळत नाही आणि ते शेकडो वर्षं कुजत नाही. पाण्याची पातळी खाली गेली की मात्र कुजायला लागतं. म्हणून शहराचं सगळं लक्ष त्या पातळीवर. ॲमस्टरडॅमची पाण्याची पातळी शून्य धरून आज युरोपातल्या कितीतरी देशांच्या उंच्या मोजतात. कालव्यातलं पाणी त्या शून्याच्याही सुमारे 40 सेंटिमीटर खाली ठेवलेलं असतं. पूर्वी समुद्राची भरती थेट शहरात यायची. 1932 मध्ये बत्तीस किलोमीटरचा बांध घालून त्यांनी समुद्राचा तो फाटाच बंद केला आणि त्याचं गोड्या पाण्याचं तळं झालं. आता ठराविक रात्री शहरातले दरवाजे बंद करतात आणि त्या तळ्याचं पाणी पंपाने सोडून कालवे धुऊन काढतात.

हे सांगितल्यावर आई पहिल्यांदा खूश झाली. म्हणाली, “म्हणजे आवर्तनच की!” मी म्हटलं, अगदी बरोबर. तिला वाटलं, इथेही कुठेतरी पाटकरी असणार आणि त्याला चहा पाजावा लागत असणार.

सगळं चांगलंच आहे असं नाही. कालव्याच्या काठच्या भिंती जुन्या झाल्या आहेत. पूर्वी त्यांच्यावरून घोडागाड्या जायच्या, आता ट्रक जातात. 2020 च्या सप्टेंबरमध्ये ग्रिमबुर्गवाल नावाच्या कालव्याची भिंत एका दिवशी सरळ पाण्यात कोसळली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. आता सुमारे दोनशे किलोमीटर भिंतींची तपासणी आणि दुरुस्ती चालू आहे. आणि कालव्यातून दरवर्षी हजारो सायकली काढतात. तिथले लोक गमतीने म्हणतात, कालवा तीन मीटर खोल : एक मीटर चिखल, एक मीटर सायकली आणि एक मीटर पाणी.

आम्ही प्रिन्सेनग्राख्तमधून गेलो. वेस्टरकेर्क चर्चचा मनोरा दिसला. त्याच्याजवळच 263 नंबरचं घर. तिथे ॲन फ्रँक जुलै 1942 पासून ऑगस्ट 1944 पर्यंत लपून राहिली. माझी मुलगी बोट चालवत होती. ॲन लपायला गेली तेव्हा तेरा वर्षांची होती. मी काही बोलले नाही. मुलीने आपणच वेग कमी केला.

तिथून रेग्युलिर्सग्राख्तला आलो. तिथे एका जागी बोट थांबवली की एकामागे एक सात पुलांच्या कमानी दिसतात. फोटो काढले. आईने डब्यातले धपाटे काढले. एका पुलाखालून जाताना मुलगा ओरडला, आवाज घुमला, वरच्या सायकलवाल्याने हात केला. दोन तास असे गेले. मी हळूहळू बोटीची कड सोडून हात मांडीवर ठेवला होता.

आणि परत आल्यावर, बोट धक्क्याला लागताना, मुलगा पाण्यात पडला.

मोठं काही झालं नव्हतं. त्याने एक पाय धक्क्यावर ठेवला, बोट मागे सरकली आणि तो मधल्या फटीतून खाली गेला. बूट, जीन्स, सगळ्यासकट. लाइफ जॅकेट त्याने उतरायच्या गडबडीत दोन मिनिटं आधीच काढून ठेवलं होतं. मी ते पाहिलं होतं आणि काही बोलले नव्हते.

मित्रांनो, मी तेव्हा काय केलं ते तुम्हाला खरं सांगते. काहीही केलं नाही. माझा आवाजही फुटला नाही. मी चव्वेचाळीस वर्षांची इंजिनिअर, आणि मला पोहता येत नव्हतं. मी आईकडे पाहिलं आणि आईने माझ्याकडे. आम्हा दोघींना एकच गोष्ट आठवत होती.

मुलगा वर आला. तोंडातलं पाणी थुंकलं. मग तो शांतपणे पाठीवर झाला, दोन श्वास घेतले, बोटीपासून लांब सरकला आणि धक्क्याच्या भिंतीत लोखंडी शिडी होती तिच्याकडे पोहत गेला. नवरा तोपर्यंत शिडीपाशी पोहोचला होता. अर्धं मिनिट झालं असेल. वर येऊन तो म्हणाला, “आई, माझा एक बूट गेला.”

हे त्याला शिकवलेलं होतं. नेदरलँड्समध्ये मुलं पाच-सहा वर्षांची झाली की आई-वडील त्यांना पोहण्याच्या वर्गाला घालतात. ए, बी आणि सी अशा तीन परीक्षा असतात. पाण्याखाली एक मोठं कापड सोडतात, त्याला भोक असतं आणि मुलाने बुडी मारून त्यातून पलीकडे जायचं. ए ला तीन मीटर, बी ला सहा, सी ला नऊ. आणि मुख्य म्हणजे तिन्ही परीक्षांचा एक भाग अंगात कपडे आणि पायात बूट घालून द्यावा लागतो. मला सुरुवातीला हसू आलं होतं. कपडे घालून कोण पोहतं? तिथल्या शिक्षिका म्हणाल्या, “पोहायला जाणारा मुलगा कपडे काढून जातो. पडणारा मुलगा कपड्यांतच पडतो.”

आमच्या कामात एखादी प्रणाली लिहिताना पहिला प्रश्न असतो : हे बंद पडलं तर काय? बंद पडणार नाही, असं उत्तर चालत नाही. त्या लोकांनी मुलांच्या बाबतीत तेच केलं आहे. मूल कधीतरी पाण्यात पडणार, हे धरून चालायचं आणि त्याची तयारी करायची. आपल्याकडे आपण मुलांना एवढंच सांगतो, “कॅनॉलकडे जायचं नाही.” आणि आपण सगळे जात होतो.

आता मी आपल्या कॅनॉलकडे येते. मघाशी सरांनी जुनी हजेरी वाचली, आठवी ब ची. आपण सगळे ‘हजर’ म्हणत होतो, हसत होतो. 22 झाल्यावर सर क्षणभर थांबले आणि मग त्यांनी 24 वाचला. तुम्हालाही ते कळलं, कारण त्या क्षणी कोणी हसलं नाही.

मी त्याचं नाव घेत नाही, तुम्हाला ते माहीत आहे. आठवीच्या वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर होता, चित्रकलेचा. आपण दहा-बारा जण पुलापलीकडे कॅनॉलच्या कठड्यावर बसलो होतो. आवर्तन सुटलेलं होतं, पाणी काठाला लागलं होतं. नीरा डावा कालवा तसा इंग्रजांच्या काळातला, 1880 च्या दशकातला. आपल्या गावचा ऊस, आपल्या घरची भाकरी, सगळं त्याच्यावर. कोणाला त्याची भीती वाटत नव्हती.

सगळ्यांना असं माहीत आहे की त्याची चप्पल पाण्यात पडली आणि ती काढायला तो उतरला. शाळेत तेच सांगितलं गेलं, पेपरातही तेच आलं.

ती चप्पल त्याची नव्हती. माझी होती. मी पाय हलवत बसले होते आणि ती सुटली. नवी होती, मी रडायला लागले. तो म्हणाला, “थांब, आणतो.” खाली उतार शेवाळाने घसरडा होता आणि पाण्याला ओढ होती. त्याच्या अंगात शाळेचा गणवेश होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

गोंधळात कोणाच्या लक्षात आलं नाही. मी एका पायात चप्पल घालून घरी गेले. आईने पाहिलं. तिने काही विचारलं नाही. ती उरलेली चप्पल तिने चुलीत घातली आणि म्हणाली, “कुणाला सांगू नकोस.” तिने मला वाचवायला तसं केलं, हे मला आई झाल्यावर कळलं. पण त्या दिवसापासून आम्ही दोघी त्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. दहावीनंतर मी गाव सोडलं, पुण्याला शिकले, परदेशात गेले. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी विचारलं, तू गेट-टुगेदरला का येत नाहीस? सुट्टी मिळत नाही, असं मी सांगायचे. सुट्टी मिळत होती.

त्या संध्याकाळी ॲमस्टलवेनच्या घरी मुलाला गरम पाण्याने आंघोळ घातली, हळदीचं दूध दिलं. तो झोपल्यावर आई स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “त्या लेकराला कुणी एवढं शिकवलं असतं तर?” एवढंच. मग आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत बोललो.

परवा गावात आल्यावर मी आणि आई आधी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील आता नाहीत. त्याच्या आईला मी सगळं सांगितलं. तुम्हाला सांगण्याआधी त्यांना सांगणं माझं काम होतं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, “तू रडत होतीस?” मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “मग तो उतरणारच. तो तसाच होता.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “बॉल काढायलाबी उतरला असता. आमचंच चुकलं, पोहायला शिकवायचं राहिलं.” मी त्यांना म्हटलं, काकी, तुमचं एकटीचं नाही. आमच्या वर्गातल्या एकाही मुलीला पोहता येत नव्हतं आणि मुलं आपापली डबा बांधून शिकली होती. इथे हे बोलू का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं, म्हणून बोलते आहे.

आता माझी विनंती. आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे आणि त्यातून प्रवेशद्वाराची कमान बांधायचा विचार चालू आहे, असं ग्रुपवर वाचलं. कमान छान दिसेल. तिच्यावर आपल्या तुकडीचं नावही येईल. कोणाचं मन दुखवायचा माझा हेतू नाही. पण मला वाटतं, त्या पैशातून आपण दरवर्षी पाचवीच्या मुलामुलींना पोहायला शिकवावं. तालुक्याच्या गावी तलाव आहे, शाळेपासून बसने जाता येतं. मुलींसाठी शिक्षिका हव्यात, नाहीतर मुली येणार नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. महिन्याभराचा वर्ग, आणि शेवटच्या दिवशी गणवेश घालून, पायात चप्पल घालून पाण्यात उतरायचं. पाठीवर कसं व्हायचं, श्वास कसा घ्यायचा, काठाला कसं यायचं. आणि दुसरा बुडत असेल तर उडी न टाकता दोर किंवा ओढणी कशी फेकायची, हेही. पुलाजवळ दोर आणि हवा भरलेली ट्यूब टांगून ठेवायला पाटबंधारे खात्याची परवानगी लागेल. अर्ज मी लिहून आणला आहे, सह्या तुमच्या हव्यात.

पहिल्या तीन वर्षांचा बसचा खर्च मी आणि माझा नवरा देऊ. पण हे एकटीने करायचं काम नाही. गावात राहणाऱ्या तुम्ही मंडळींनी मुलांना तलावावर नेल्याशिवाय ते व्हायचं नाही. कमान की पोहणं, हे तुम्ही जेवणानंतरच्या बैठकीत ठरवा. जे ठरेल ते मला मान्य आहे.

आणि एक. आमच्या मुलाच्या त्या दिवसानंतर मी पोहण्याच्या वर्गाला नाव घातलं. वर्गात सगळ्यांत मोठी मीच होते. पहिले तीन आठवडे मी काठ सोडला नाही. या वसंतात मी ए परीक्षा दिली, पँट-शर्ट आणि बूट घालून. पाण्यात उडी मारली तेव्हा डोळे मिटले होते. वर आले, पाठीवर झाले आणि काठाला आले. मुलाने टाळ्या वाजवल्या. म्हणजे पंचेचाळिसाव्या वर्षी येतं. कोणाला शिकायचं असेल तर वयाची सबब चालणार नाही.

सर, दुपारी पुन्हा हजेरी घेणार आहात असं ऐकलं. त्या वेळी 23 वाचा. काकी येणार आहेत, त्या ‘हजर’ म्हणतील. मी त्यांना विचारलं आहे.

अर्ज माझ्या पिशवीत आहे. पेनही आहे.